आम्लाचे वेळापत्रक ओळखा, मग गोळीची वेळ ठरवा

अ‍ॅसिडिटीची गोळी बहुतेक लोक जळजळ सुरू झाल्यावर घेतात, आणि ती गोळी पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल किंवा ओमेप्राझोल या कुळातील असेल तर तिचा बराचसा उपयोग तिथेच वाया जातो. लालबागला औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून मी हे रोज पाहतो. दुपारच्या जेवणानंतर तासाभराने कोणी गृहस्थ येतात, पट्टी मागतात, तिथेच एक गोळी काढून बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळतात आणि विचारतात, “भाऊ, किती वेळात आराम पडेल?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की या जेवणापुरता फारसा पडणार नाही. गोळी चांगली आहे, पण जठरात आम्ल सोडण्याचा हुकूम तासापूर्वीच सुटला आहे. हा हुकूम कोण देते, कधी देते आणि तो मागे कोण घेते, एवढे समजून घेतले तर जेवण, चहा आणि औषध यांची वेळ कशी जुळवायची हे वेगळे पाठ करावे लागत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेला उपचार आपल्या मनाने बदलण्यासाठी हा लेख नाही. तो उपचार नीट घेता यावा, यासाठी आहे.

आम्ल सोडणारी पेशी आणि तिला मिळणारे निरोप

जठराच्या वरच्या आणि मधल्या भागाच्या अस्तरात परायटल नावाच्या पेशी असतात आणि जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल याच पेशी तयार करतात. प्रौढ माणसाच्या जठरात दिवसाकाठी साधारण दोन लिटर रस स्रवतो. परायटल पेशीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आम्लाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे 0.8 असतो, म्हणजे रक्ताच्या तुलनेत त्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण तीस ते चाळीस लाख पटींच्या आसपास भरते. ही प्रचंड तफावत पेशीच्या पटलावरचा एक प्रथिनाचा पंप घडवून आणतो. तो हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम आयन आत घेतो. या कामाला इतकी ऊर्जा लागते, की परायटल पेशी मायटोकॉन्ड्रियांनी अक्षरशः ठासून भरलेल्या असतात.

गोळीच्या वेळेच्या दृष्टीने मात्र दुसरी एक बाब महत्त्वाची आहे. पोट रिकामे आणि शांत असताना बहुतेक पंप पेशीच्या आत सूक्ष्म पिशव्यांच्या भिंतींत बंद असतात आणि त्या अवस्थेत ते आम्ल सोडत नाहीत. पेशीला निरोप मिळाला की काही मिनिटांत या पिशव्या बाह्य पटलाला जाऊन मिळतात, पंप जठराच्या पोकळीच्या बाजूला उघडे पडतात आणि आम्ल वाहू लागते.

हे निरोप तीन प्रकारचे असतात. पहिला मज्जातंतूंचा: मेंदूकडून व्हेगस मज्जातंतूवाटे आलेल्या संदेशावरून जठराच्या भिंतीतल्या चेतापेशी असेटिलकोलिन हे रसायन सोडतात. दुसरा गॅस्ट्रिन या संप्रेरकाचा. ते जठराच्या खालच्या भागात तयार होते, पण तिथून थेट वर न जाता रक्तात मिसळून सगळ्या शरीराचा फेरा करून परायटल पेशीपर्यंत पोहोचते. तिसरा हिस्टामिनचा, जे परायटल पेशींच्या अगदी शेजारी बसलेल्या एका विशेष प्रकारच्या पेशी सोडतात. परायटल पेशीवर या तिन्हींसाठी वेगवेगळे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या जागा) असतात. दोन निरोप एकाच वेळी आले तर परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो, आणि याच कारणामुळे तिघांपैकी एकट्या हिस्टामिनची वाट अडवली तरी उरलेल्या दोघांचाही जोर बराच कमी होतो.

पहिला घास पोटात जाण्यापूर्वीच

जेवणाच्या आम्लाची सुरुवात डोक्यात होते. पदार्थ दिसणे, त्याचा वास येणे, चव लागणे, इतकेच काय, चवीच्या पदार्थांविषयी नुसत्या गप्पा मारणे, यांपैकी काहीही झाले तरी मेंदूच्या तळाकडून व्हेगसवाटे जठराला आज्ञा जाते. इव्हान पावलोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत गिळलेले अन्न अन्ननलिकेला पाडलेल्या छिद्रातून बाहेर पडत असे, जठरात एक कणही पोहोचत नसे, तरीही काही मिनिटांत जठररस वाहू लागे; व्हेगस मज्जातंतू कापल्यावर मात्र तो वाहणे थांबे. पचनसंस्थेवरच्या या कामासाठी त्यांना 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. (पावलोव्ह म्हटले की आपल्याला घंटा आणि लाळ तेवढी आठवते. त्यांच्या प्रयोगशाळेने कुत्र्यांचा गाळलेला जठररस अपचनावरचे औषध म्हणून विकलाही होता, हे सहसा कोणी सांगत नाही.)

व्हेगस दोन वाटांनी काम करतो. एका वाटेने तो असेटिलकोलिनमार्फत परायटल पेशीला चेतवतो, आणि दुसऱ्या वाटेने जठराच्या खालच्या भागातल्या ‘जी’ (G) नावाच्या पेशींना गॅस्ट्रिन सोडायला लावतो. शिवाय आम्लाला आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन ज्या पेशी सोडतात त्यांना तो तेवढ्या वेळापुरते गप्प करतो. जेवणाच्या एकूण आम्लापैकी साधारण तीस टक्के या पहिल्या टप्प्यात सुटते, असे शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. याच ज्ञानाच्या आधारे लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी 1943 मध्ये शिकागोत पेप्टिक अल्सरवर (जठर-आद्यांत्रातल्या व्रणावर) व्हेगस कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढची काही दशके ती सर्रास होत असे. चांगली औषधे आल्यावर ती जवळजवळ इतिहासजमा झाली.

यावरून करायचे काय? जेवणाची वेळ शक्यतो ठरलेली ठेवायची. संध्याकाळी दादर स्थानकाबाहेर उकळत्या तेलातून वडे निघत असताना आपण त्या वासातून चालत जातो, खात काहीच नाही, आणि घरी पोहोचून जेवायला नऊ वाजतात. अशा वेळी मेंदूने सोडायला लावलेल्या आम्लाला शोषून घ्यायला जठरात अन्न नसते. ज्यांना अशा वेळी जळजळ होते त्यांनी निघण्यापूर्वी कार्यालयातच एखादे केळे किंवा दोन चपातीचे घास खाऊन घ्यावेत. जेवायला बसल्यावर मात्र सावकाश चावून खावे, कारण पहिला टप्पा पचनाला मदत करण्यासाठीच आहे. त्याला टाळायचे नाही, रिकाम्या पोटावर वारंवार जागे करायचे नाही, एवढेच.

अनशापोटी घेतलेल्या चहाविषयी दुकानात सर्वांत जास्त विचारणा होते. कॉफी आम्लस्राव आणि गॅस्ट्रिन दोन्ही वाढवते, आणि कॅफीन काढलेली कॉफीही ते करते, म्हणजे दोष एकट्या कॅफीनचा नाही. चहाही आम्ल वाढवतो. चहा सोडा असे मुंबईत कोणाला सांगण्यात अर्थ नाही. उठल्या उठल्या चहा घेऊन ज्यांची छाती जळते त्यांनी तो नाश्त्याबरोबर किंवा नाश्त्यानंतर घ्यावा आणि दुपारच्या कटिंगच्या फेऱ्या कमी करून आठवडाभर फरक पाहावा. ज्यांना काहीच होत नाही त्यांनी बदलण्याची गरज नाही.

अन्न पोहोचल्यावर: गॅस्ट्रिनचा टप्पा

जेवणाच्या आम्लाचा सर्वांत मोठा वाटा, साधारण साठ टक्के, अन्न जठरात असताना सुटतो. याला दोन कारणे असतात. जठर ताणले जाते, तो ताण भिंतीतल्या मज्जातंतूंना जाणवतो, आणि तो निरोप व्हेगसवाटे मेंदूपर्यंत जाऊन परतही येतो, शिवाय जठराच्या भिंतीतच आखूड वाटेनेही फिरतो. दुसरे कारण रासायनिक आहे. प्रथिनांचे तुकडे झाले, विशेषतः फिनाइलअ‍ॅलनिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले मोकळी झाली, की ‘जी’ पेशी गॅस्ट्रिन सोडतात. कॅल्शियमही त्यांना चेतवते. गॅस्ट्रिन परायटल पेशीला थेट चेतवते खरे, पण त्याचे मुख्य काम शेजारच्या पेशींना हिस्टामिन सोडायला लावण्याचे आहे. आम्ल सोडण्याचा शेवटचा जोरदार निरोप बहुतांशी या हिस्टामिनकडूनच जातो.

ही साखळी उलगडायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या गोंधळाची हकिकत सांगण्यासारखी आहे. जॉन एडकिन्स यांनी 1905 मध्ये जठराच्या खालच्या भागाच्या अस्तराचा अर्क टोचून आम्लस्राव वाढवून दाखवला आणि त्यात गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक असल्याचा दावा केला. पुढे हिस्टामिन हे स्वतःच आम्ल सुटायला लावते हे उघड झाले, आणि हिस्टामिन तर शरीराच्या कितीतरी उतींमध्ये असते. त्यामुळे एडकिन्स यांच्या अर्कात होते ते निव्वळ हिस्टामिनच, असे मानून अनेकांनी गॅस्ट्रिन निकालात काढले. शेवटी 1964 मध्ये लिव्हरपूलच्या रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे केले. एडकिन्स बरोबर ठरले, पण तोवर ते हयात नव्हते. हिस्टामिनच्या बाजूलाही तथ्य होते. सर्दीवरची नेहमीची हिस्टामिनरोधक औषधे आम्लावर चालत नाहीत, तेव्हा जठरात हिस्टामिनचा दुसराच ग्राहक असला पाहिजे, असा तर्क करून जेम्स ब्लॅक यांच्या गटाने 1972 मध्ये त्या दुसऱ्या ग्राहकाला अडवणारा पहिला रेणू प्रसिद्ध केला. त्यातून सिमेटिडिन आले, नंतर रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन आली, आणि ब्लॅक यांना 1988 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या टप्प्यातली व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट दुधाची आहे. जळजळ झाली की थंड दूध प्यायचे हा आपल्या घराघरांतला उपाय, आणि पहिली काही मिनिटे त्याने बरे वाटतेही, कारण दूध थोडे आम्ल शोषून घेते. पण दुधात प्रथिने आहेत आणि कॅल्शियम आहे, म्हणजे गॅस्ट्रिन सोडायला लावणारे दोन्ही पदार्थ एकाच पेल्यात आहेत. दूध प्यायल्यानंतर पुढचे दोन-तीन तास आम्लस्राव वाढलेला राहतो, असे मोजमापातून दिसले आहे. त्यामुळे रात्री झोपताना जळजळीवर उपाय म्हणून दूध घेणे थांबवावे. दूध पौष्टिक म्हणून दिवसा घ्यायला काहीच हरकत नाही. बिअर आणि वाइनही गॅस्ट्रिन वाढवतात, हे ओघात नमूद केलेले बरे.

थांबवण्याचे निरोप

आम्ल सुटायला लावणाऱ्या निरोपांइतकेच ते थांबवणारे निरोप महत्त्वाचे आहेत, आणि माझ्या मते त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जेवण चालू असताना अन्न आम्ल शोषून घेत असते, म्हणून जठराचा पीएच फार खाली जात नाही. अन्न पुढे सरकू लागले, पीएच 3 च्या खाली गेला, की ‘डी’ (D) नावाच्या पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात. ते शेजारच्या ‘जी’ पेशींना गॅस्ट्रिन सोडू देत नाही, हिस्टामिनच्या पेशींना आवरते आणि परायटल पेशीलाही थेट थोपवते. म्हणजे आम्ल पुरेसे झाले ही बातमी आम्लच देते.

पुढचा आवर लहान आतड्याच्या पहिल्या भागातून, म्हणजे आद्यांत्रातून येतो. तिथे आम्ल पोहोचले की सिक्रिटिन सुटते आणि स्निग्ध पदार्थ पोहोचले की कोलेसिस्टोकायनिन; दोन्ही आम्लस्राव कमी करतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. आतड्याकडून मज्जातंतूंवाटे उलट जाणारा एक निरोपही हेच करतो. सिक्रिटिनचा शोध विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1902 मध्ये लंडनमध्ये लावला. रक्तातून जाऊन दूरच्या अवयवाला कामाला लावणारा पदार्थ असतो, हे त्यातूनच प्रथम नीट सिद्ध झाले.

प्रोस्टाग्लँडिन हा जठराच्या अस्तरातलाच आणखी एक आवर. तो आम्ल कमी करतो आणि अस्तरावर संरक्षक श्लेष्म व बायकार्बोनेट सोडायला लावतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने वेदनाशामक घेणाऱ्या आजीबाईंना पोटाचा त्रास होतो, तो तिखटामुळे होतो असे घरचे धरून चालतात. आधी त्यांच्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओतून दाखवावी.

रात्रीच्या जेवणाचा हिशेबही या आवरांवरूनच कळतो. तळलेले, तुपकट जेवण आम्ल वाढवते म्हणून त्रास देते असे सर्वसाधारण मत आहे, पण वर पाहिल्याप्रमाणे स्निग्ध पदार्थ आम्लस्रावाला उलट लगामच घालतात. त्रास होतो तो वेगळ्या कारणाने: जठर उशिरा रिकामे होते, अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू सैलावतो, आणि त्यात आपण आडवे होतो. अन्न नसताना आपोआप सुटणारे आम्लही संध्याकाळनंतर मध्यरात्रीपर्यंत जास्त आणि पहाटे कमी असते. छातीतल्या जळजळीत बहुतेक वेळा आम्ल जास्त झालेले नसते, तर ते नको त्या जागी, अन्ननलिकेत, चढलेले असते. तेव्हा रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. शेवटची लोकल पकडून घरी येणाऱ्याला हे जमणारे नाही. त्याने मुख्य जेवण संध्याकाळी डब्यातून कामाच्या ठिकाणीच करावे आणि घरी येऊन थोडेसे, कमी तेलाचे खावे. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा घालून वीतभर उंच करावेत (उशा वाढवून पोट दुमडते, त्याचा उपयोग होत नाही) आणि डाव्या कुशीवर झोपावे.

आता गोळीची वेळ

ओमेप्राझोल 1988 मध्ये बाजारात आले आणि त्याच्या मागोमाग पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल आली. ही औषधे निरोप अडवत नाहीत, थेट पंपच कायमचा बंद करतात. म्हणून निरोप कोणाचाही असो, त्यांचा परिणाम होतो. पण यात एक अट आहे. औषध आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून परायटल पेशीत पोहोचते आणि पंप चालू असलेल्या जागी जे तीव्र आम्ल असते त्यातच त्याचे कार्यक्षम रूप तयार होते. पिशवीत मिटून पडलेल्या पंपाला ते हात लावू शकत नाही. शिवाय रक्तात ते फार काळ टिकत नाही. एक-दोन तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते. मुंबईकराला हे पटकन उमजावे: गाडी फलाटावर येईल तेव्हा आपण आधीच तिथे उभे असलो पाहिजे, कारण ती थोडाच वेळ थांबते.

म्हणून ही गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि दिवसातून एकदाच असेल तर पहिल्या भरपेट खाण्यापूर्वी घ्यावी. रात्रभर पोट रिकामे राहिल्यावर पेशीत पंपांचा साठा सर्वांत जास्त असतो आणि सकाळचा नाश्ता त्यांना मोठ्या संख्येने बाहेर आणतो, म्हणून सकाळची वेळ सांगतात. गोळी घेऊन मग नाश्ताच केला नाही, नुसता चहा घेऊन निघालो, तर फायदा कमी होतो. कल्याणहून फास्ट लोकलने सीएसएमटीला यायला साधारण तास लागतो. जे लोक घरी काही न खाता निघतात आणि उतरल्यावर उपमा-पोहे खातात त्यांनी गोळी पहाटे उठल्यावर नव्हे, तर गाडीत चढताना घ्यावी. रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ संध्याकाळी पाचला होते, तेव्हा त्याची गोळीही त्या वेळच्या पहिल्या जेवणाआधी. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच न खाणाऱ्यांनी ती उपास सोडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू असा फराळ चालू असेल तर पहिल्या फराळाआधी. मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळीही सकाळीच असेल तर कोणती किती अंतराने घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

गोळी चावू नये, कुस्करू नये, दुधात विरघळवू नये. तिच्यावरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठीच असते; ते फुटले तर औषध रक्तात पोहोचण्याआधीच नासते. पहिल्या दिवशी पूर्ण गुण येईल अशी अपेक्षा ठेवू नये. एका मात्रेने सगळे पंप बंद होत नाहीत, नवे पंप रोज तयार होत असतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ झाली त्या दिवशी एक, मग आठवड्याने एक, अशी ती घेण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

मग अवचित होणाऱ्या जळजळीला काय घ्यावे? त्यासाठी अँटासिड. ते सुटलेल्या आम्लाचे उदासिनीकरण करते आणि काही मिनिटांत बरे वाटते. रिकाम्या पोटी घेतलेले अँटासिड अर्ध्या तासात जठराबाहेर निघून जाते, जेवणानंतर तासाने घेतलेले मात्र तीन तासांपर्यंत टिकू शकते. एवढी एक बाब लक्षात ठेवली तरी बाटली दुप्पट पुरेल. मॅग्नेशियम असलेल्याने जुलाब होऊ शकतात आणि अ‍ॅल्युमिनियम असलेल्याने बद्धकोष्ठ, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही असतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि उच्च रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी फसफसणारी सोड्याची पावडर किंवा कोणतेही अँटासिड विचारल्याशिवाय घेऊ नये.

फॅमोटिडिनसारखी हिस्टामिनचा ग्राहक अडवणारी औषधे या दोन्हींच्या मधली आहेत. अन्न नसताना रात्री सुटणाऱ्या आम्लात हिस्टामिनचा हात मोठा असतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी ती चांगली चालतात. पण रोज घेतली तर आठवडा-दोन आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो. रॅनिटिडिन भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या यादीतून वगळले गेले. पॅन्टोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन असलेली कॅप्सूल आपल्याकडे फार खपते, तिच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: डॉमपेरिडोन जठर लवकर रिकामे करायला मदत करते, आम्लावर त्याचा काहीही परिणाम नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर ते काही जणांत विपरीत परिणाम करू शकते. डॉक्टरांनी कारण पाहून दिली असेल तर घ्यावी. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नये.

बंद करताना

गोळी घ्यायला शिकण्याइतकेच ती थांबवायला शिकणे आवश्यक आहे. पंप बंद राहिले की जठरातले आम्ल कमी होते, आम्ल कमी झाले की सोमॅटोस्टॅटिनचा आवर सुटतो, आणि गॅस्ट्रिन वाढत जाते. महिनोन्महिने वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळे हिस्टामिन सोडणाऱ्या पेशीही वाढतात. मग एके दिवशी गोळी अचानक बंद केली की हा सगळा वाढलेला जोर मोकळ्या झालेल्या पंपांवर येतो आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते. पूर्वी कधीच जळजळ न झालेल्या निरोगी माणसांनाही आठ आठवडे औषध देऊन थांबवल्यावर हा त्रास झाल्याचे दिसले आहे. “बंद केली की लगेच उसळते, म्हणजे मला ही जन्मभर लागणार,” असा निष्कर्ष अनेक जण इथेच काढून बसतात. तो त्रास मूळ आजाराचा नसून थांबवण्याचा असू शकतो. मात्रा निम्मी करणे, मग एक दिवसाआड घेणे, अधूनमधून अँटासिडचा आधार घेणे, असा क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवावा आणि त्याला काही आठवडे द्यावेत. जे अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि ज्यांना जठराच्या संरक्षणासाठी हे औषध दिले आहे, त्यांनी ते स्वतःहून मुळीच थांबवू नये. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल सहसा टाळतात, तेही विचारून घ्यावे.

छातीत दडपण येऊन घाम फुटणे, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, चालल्यावर वाढणे, दम लागणे, यांपैकी काहीही असेल तर ते ‘गॅस’चे दुखणे समजून अँटासिड घेत बसू नये, 108 ला फोन करावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, घास अडकणे, कारणाशिवाय वजन घटणे, पंडुरोग (रक्ताल्पता), किंवा पंचावन्नच्या पुढे प्रथमच सुरू झालेला त्रास असेल तर गोळीच्या वेळेचा विचार नंतर, आधी तपासणी.

त्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा शोध घेतला जाण्याची शक्यता असते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना ज्या शोधासाठी 2005 चे नोबेल मिळाले तो हाच जंतू. जठराच्या खालच्या भागात त्याचे ठाण बसले की डी पेशींचे सोमॅटोस्टॅटिन घटते, गॅस्ट्रिन बेलगाम होते आणि आद्यांत्रात व्रण होऊ शकतो. पंप बंद करणारी गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची चाचणी केली तर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, म्हणून चाचणीपूर्वी ती दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवायला सांगतात. रक्तातले गॅस्ट्रिन मोजायचे असेल तरीही ही गोळी आकडा फुगवते. तेव्हा प्रयोगशाळेत नमुना देण्याआधी, आपण कोणती गोळी किती महिने आणि कोणत्या वेळी घेत आहोत, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावे. “पित्ताची एक पांढरी गोळी” एवढ्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.